अभ्यासिकेचे संगणक व प्रणालीची निवड

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विवाहातील खर्च, विद्यार्थ्यांचे सत्कार, वधूवर-सूचीची छपाई अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. यंदा चिटणीसांनी आम्हांस संगणकांविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. एटापल्ली तालुक्यातील प्राथमिक शाळांतून आम्ही उभी हयात पाढे व बाराखडी शिकविण्यात घालविली. संगणकशास्त्राचा आमचा अभ्यास नाही. परंतु सूरजागडच्या पायथ्याशी आपल्या मंडळाने जी अभ्यासिका चालविली आहे, तिची किल्ली आमच्या कडोसरीस असते. आणि ज्याच्याजवळ किल्ली त्याने हिशेब द्यावा, हा तर आपल्या मंडळाचा नियमच आहे. त्यातून आमच्या हातून एक चूक घडली आहे. तिचा हिशेब देण्यासाठी तरी उभे राहणे प्राप्तच होते.

हकीकत अशी. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १० या प्रणालीची मोफत दुरुस्ती-सेवा तिच्या कंपनीने थांबविली. हा दिवस येणार हे पूर्वीच जाहीर झाले असल्यामुळे त्याच्या आगेमागे पुष्कळ कचेऱ्यांनी आपले जुने संगणक काढून टाकले. विंडोज ११ या नव्या प्रणालीस निदान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. जुन्या यंत्रांत ती नसते. अशा टाकलेल्या यंत्रांपैकी आठ संगणक आपल्या एका दानशूर सभासदाने अभ्यासिकेस मिळवून दिले. सहा कोअर टू डुओ जातीचे, दोन-दोन जीबी रॅम असलेले. आणि दोन त्याहूनही जुने, ३२ बिटांचे. यंत्रे आली, पण त्यांत घालावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला. नवे संगणक विकत घ्यावे एवढा निधी मंडळापाशी नव्हता. म्हणून लिनक्स.

आता लिनक्स म्हणजे काय, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांसाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. संगणक चालू केल्यापासून बंद करीपर्यंत त्याचा सर्व कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली, तिला प्रणाली म्हणतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली अशा प्रणालीचा गाभा लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. त्यापूर्वी, १९८३ साली, अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाने मुक्त आज्ञावलींचे कार्य आरंभिले होतेच. या दोहोंचा संयोग होऊन जी प्रणाली झाली ती कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि वाटावी. आपल्या देशात इंटरनेट दुर्मिळ होते त्या काळी, १९९६ सालापासून, पीसीक्वेस्ट या मासिकाने लिनक्सची तबकडी अंकाबरोबर देण्यास प्रारंभ केला आणि पुष्कळ लोकांस तिची पहिली ओळख त्या तबकडीनेच झाली.

परंतु हा गाभा एकटा उपयोगी पडत नाही. त्याच्याभोवती खिडक्या, लेखनाची साधने, टंक, दुरुस्त्या पोहोचविण्याची व्यवस्था हे सर्व जुळवून द्यावे लागते. अशा जुळवणीस इंग्रजीत डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. आपण 'वितरण' म्हणू. आमच्या घरातील मंडळींनी विचारले, "गाभा एकच, तर वितरणे इतकी कशाला?" आम्ही त्यांना पंचांगाचे उदाहरण दिले. सूर्य-चंद्र एकच, पण दाते पंचांग निराळे व टिळक पंचांग निराळे. कोणाचा अधिक मास कोणता, यावर गावात दोन दिवाळ्या झाल्याचेही जुनी माणसे सांगतात. तद्वत् येथेही शेकडो वितरणे आहेत, आणि प्रत्येकाचा अभिमानी वेगळा आहे.

आमचा पुतण्या पुण्यास संगणकाच्याच नोकरीत आहे. तो दिवाळीस आला असता आम्ही त्याचा सल्ला घेतला. तो म्हणाला, "काका, मी सांगतो ते वितरण घाला. यात जुनी-नवी आवृत्ती हा प्रकारच नाही. रोज नवे येते, रोज घ्यावयाचे. आणि वेग पाहाल तर बघत राहाल." त्याने दोन दिवस बसून सहाही यंत्रांत ते घातले. त्या वितरणाचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. वेग खरोखरच चांगला होता. मुले हरखून गेली. आम्हीही हरखलो, आणि येथेच चुकलो.

पुढे पावसाळा आला. सूरजागडचा पावसाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांस अधिक सांगावयास नको. नाले भरले की रस्ता बंद, वीज केव्हा जाईल त्याचा नेम नाही, मोबाईलची रेंज आज आहे तर उद्या नाही. दोन-तीन आठवडे दुरुस्त्या घेतल्या नव्हत्या, म्हणून एका रविवारी रेंज मिळताच आम्ही सहाही संगणकांवर एकदम त्या घेण्यास लावल्या. तुंबलेले काम पुष्कळ होते. ते निम्म्यावर आले असता वीज गेली. बॅटरीने पाच मिनिटे दम धरला. नंतर वीज आली तेव्हा एकही संगणक नीट चालू होईना. काळ्या पडद्यावर चार ओळी येत आणि तेथेच थांबत. प्रणालीचा गाभाच बदलला जात होता आणि तो अर्धवट राहिला होता, हे आम्हांस मागाहून समजले. पुतण्यास दूरध्वनी करावा तर रेंज नाही. तो पुण्यास, आम्ही येथे, आणि मध्ये सारा महाराष्ट्र.

त्याच आठवड्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत होती. अभ्यासिकेत येणारी एक माडिया मुलगी, तिचे नाव आम्ही सांगत नाही, दोन दिवस वाट पाहून तिसऱ्या दिवशी नाला उतरताच एटापल्लीस गेली. तेथे पोहोचली तेव्हा मुदत टळली होती. अभ्यासिकेत संगणक आहेत, आपला अर्ज तेथून जाईल, या भरवशावर ती राहिली. तो भरवसा आम्हीच तिला दिला होता. मंडळाने तिचे वर्षाचे शुल्क भरले, त्याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे ऋणी आहो. त्या वेळी एका सभासदांनी विचारले, आपल्या ज्ञातीचा पैसा परक्या मुलीस का? आमचे उत्तर त्या सभेतही हेच होते की, चूक ज्ञातीच्या किल्लीने झाली, तेव्हा भरपाईही ज्ञातीच्या पेटीतूनच व्हावयास हवी.

त्यानंतर आम्ही नव्याने विचार केला. या वेळी वेगाविषयी लोक काय म्हणतात ते ऐकले नाही. भिंतीवरचे घड्याळ समोर ठेवून स्वतःच पाहिले. तसे करताना एक गोष्ट स्पष्ट झाली. दोन वितरणांत वेगाचा जो फरक दिसतो, त्याचा थोडाच भाग वितरणाचा असतो. गाभा तर सर्वांचा एकच. खरा फरक पडतो तो पडद्यावर दिसणाऱ्या सजावटीने. तिला डेस्कटॉप म्हणतात. ग्नोम नावाचा डेस्कटॉप देखणा आहे, परंतु दोन जीबी रॅमच्या यंत्रात तो बसला की इतरांस जागा उरत नाही. त्याच यंत्रात, त्याच वितरणाचा, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा साधा डेस्कटॉप घातला की यंत्र हलके होते. रॅम म्हणजे मास्तरांचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे कोपऱ्यातील कपाट, असे समजावे. टेबल भरले की प्रत्येक वहीसाठी कपाटापर्यंत खेप घालावी लागते, आणि वर्ग खोळंबतो. ग्नोम असताना यंत्र चालू करून चुलीवर चहाचे आधण ठेवले, तर चहा उकळून गाळून होईपर्यंत पडदा तयार होत नसे.

दुसरे असे की, इंटरनेटची पाने दाखविणारा ब्राऊझर हाच सर्वांत मोठा खादाड आहे. कोणतेही वितरण घातले तरी त्याची भूक कमी होत नाही. मुलांना एका वेळी दोनच पाने उघडण्याचा नियम आम्ही घालून दिला, त्याने जेवढा वेग वाढला तेवढा वितरण बदलून वाढला नसता. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी घातली, तर यंत्राचा जणू पुनर्जन्म होतो. चार यंत्रांत आम्ही ती घातली आहे. आणि तिसरे कारण तर केवळ आपल्या भागाचे. खनिज वाहून नेणाऱ्या गाड्यांनी रस्त्यावर जी लाल धूळ उडते, ती खिडक्या लावल्या तरी आत येते आणि यंत्रातील पंख्यावर बसते. पंखा गुदमरला की प्रोसेसर तापतो, आणि तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून आपली गती आपणच कमी करतो. पुतण्या पुण्याहून सांगत होता की अमुक सेवा बंद करा, तमुक आज्ञा द्या. येथे रंगाच्या कुंचल्याने पंखे झाडल्याबरोबर यंत्रे धावू लागली. हे त्याच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते.

तेव्हा वेगाचा प्रश्न वितरणाबाहेरच बराचसा सुटला. उरला तो कारभाराचा प्रश्न: दुरुस्त्या किती वेळा येतात, किती मोठ्या येतात, किती वर्षे येत राहतील, आणि त्या घेताना आमच्यासारख्या मनुष्याचे धाबे दणाणते की नाही.

फेडोरा हे वितरण नामांकित आहे. रेड हॅट या कंपनीचा त्यास आश्रय आहे, आणि देवनागरीचा 'लोहित' हा टंक लोकांपर्यंत पोहोचविण्यात त्याच कंपनीचा मोठा वाटा आहे. परंतु फेडोराची आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी निघते आणि एका आवृत्तीस सुमारे तेरा महिनेच दुरुस्त्या मिळतात. म्हणजे दरवर्षी सगळे घर झाडून पुन्हा लावावयाचे. जेथे जाणता मनुष्य नित्य हजर आहे तेथे ते शोभते.

सेंटओएसचे उदाहरण मात्र सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. दीर्घायुषी आणि भरवशाचे म्हणून जगभर त्याचा लौकिक होता. त्याच्या आठव्या आवृत्तीस २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असे लोक धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये अकस्मात घोषणा झाली की ती आवृत्ती २०२१ च्या अखेरीस थांबेल. ज्यांनी त्यावर मोठमोठे कारभार उभे केले होते त्यांची त्रेधा उडाली. पुढे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ही वितरणे त्या जागी उभी राहिली, पण मधल्या काळातील धावपळ कोणाला चुकली नाही. हे वाचल्यापासून आम्ही वितरण पाहताना त्याच्या मागे कोण आहे व त्याचे मन उद्या बदलले तर काय, हे आधी पाहतो.

उबुंटू हे २००४ पासूनचे. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये त्याची दीर्घ मुदतीची आवृत्ती निघते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. शिकावयास सोपे आहे. केरळातील सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारून आज कित्येक वर्षे झाली; तेथे शाळांसाठी खास जुळविलेले जे वितरण आहे तेही उबुंटूवरच आधारलेले आहे. परंतु उबुंटू आपल्या नेहमीच्या डेस्कटॉपसाठी दोन जीबीहून अधिक रॅम मागते, आणि त्यातील फायरफॉक्स हा ब्राऊझर 'स्नॅप' नावाच्या निराळ्या गठ्ठ्यातून येतो. तो गठ्ठा मोठा. आमच्या रेंजला तो पेलत नाही. उबुंटूवरूनच निघालेले लिनक्स मिंट हेही आम्ही पाहिले. ज्या सभासदांच्या घरी एखादाच जुना संगणक पडून आहे आणि घरात वायफाय आहे, त्यांनी खुशाल मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घालावी. विंडोज वापरलेल्या मनुष्यास ते परके वाटत नाही. येथे आलेल्या सुनांनी व मुलींनी ही गोष्ट टिपून घ्यावी, कारण घरातील संगणक बहुधा पुरुष बिघडवितात आणि स्त्रिया चालवितात.

आपल्या देशाचे म्हणून 'बॉस' या वितरणाचा विचार आम्ही मनःपूर्वक केला. सी-डॅक या सरकारी संस्थेने ते सिद्ध केले. २००७ साली ते प्रसिद्ध झाले, आणि मराठीसह भारतीय भाषांची सोय हा त्याचा मुख्य हेतू. ज्या सी-डॅकने पुण्यास 'परम' हा महासंगणक बांधला तीच ही संस्था; अभिमान वाटावा असेच तिचे काम आहे. परंतु 'बॉस' स्वतः डेबियन या वितरणावर उभे आहे. दुरुस्ती प्रथम डेबियनच्या विहिरीत येणार आणि मग पाटाने 'बॉस'च्या वाफ्यात. आमची बादली लहान आणि खेपा थोड्या. तेव्हा आम्ही विहिरीवरूनच पाणी भरण्याचे ठरविले.

डेबियन १९९३ साली इयन मरडॉक यांनी सुरू केले. त्याच्यामागे कोणी एक कंपनी नाही. जगभरचे स्वयंसेवक आपली लिखित घटना करून, मतदानाने, ते चालवितात. आपल्या मंडळासारखेच म्हणा ना. फरक इतकाच की त्यांच्या निवडणुका वेळच्या वेळी होतात. सुमारे दोन वर्षांनी एक स्थिर आवृत्ती निघते. एकदा निघाली की तिच्यात नवलाई घालीत नाहीत. केवळ दोष व सुरक्षेची छिद्रे बुजवितात. दीर्घकालीन सेवा धरून एका आवृत्तीस सुमारे पाच वर्षे आयुष्य मिळते. तिच्यातील आज्ञावली थोड्या जुन्या असतात, यावरून तरुण मंडळी नाक मुरडतात. पण मुलांस पत्र लिहावयाचे, हिशेबाचा तक्ता करावयाचा, अर्ज भरावयाचा. त्यास कालची नवी आवृत्ती कशाला हवी? डेस्कटॉप घालूनही डेबियन निदान १ जीबी रॅमवर चालते व २ जीबी असावी अशी शिफारस करते. आमच्या यंत्रांत नेमकी तेवढीच आहे.

डेबियनचे दोषही सांगितले पाहिजेत. पूर्वी त्याच्या तबकडीत वायफाय इत्यादींसाठी लागणाऱ्या, मुक्त नसलेल्या आज्ञावली नसत, आणि नवशिक्याची तेथेच गाडी अडे. २०२२ मध्ये मतदान होऊन तो नियम बदलला, आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ती अडचण दूर झाली. दुसरा दोष आमच्यापुरता ताजा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेली तेरावी आवृत्ती ३२ बिटांच्या संगणकांवर घालण्याची सोयच त्यांनी ठेवलेली नाही. म्हणून सहा यंत्रांत तेरावी व दोन म्हाताऱ्यांत बारावी, अशी आमची पंगत आहे. त्या दोघांचे दिवस मोजके आहेत; तोवर ते टंकलेखनाच्या सरावासाठी वापरतो.

ज्या गोष्टीने आमचा निर्णय पक्का झाला ती अशी. एका संगणकास आम्ही कोठार केले आहे. शनिवारी रेंज व वीज दोन्ही असल्यास तो दुरुस्त्या एकदाच उतरवून घेतो, आणि बाकीचे त्याच्याकडून, इंटरनेटवाचून, एकेक करून घेतात. एकेक करून, हे शब्द आम्ही फळ्यावर लिहून ठेवले आहेत. आपोआप दुरुस्त्या घेण्याची सोय बंद ठेवली आहे. महिनाभर रस्ता बंद झाला तरी तुंबते ते थोडेच, कारण स्थिर आवृत्तीत रोजचा गोंधळ नसतो. त्या पावसाळ्यानंतर दुसरा पावसाळा गेला. वीज पूर्वीइतकीच गेली, पण संगणक गेले नाहीत.

लहान यंत्रात मावेल अशी प्रणाली कापून घ्यावी, हा विचार आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. रायगड जिल्ह्यातील खैरात येथील शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या योजनेतील हिरवे-पांढरे संगणक मुलांच्या हाती दिले गेले. त्यांत केवळ २५६ एमबी रॅम होती, आमच्या यंत्रांच्या एक-अष्टमांश. तरी त्यावर फेडोरावरून बेतलेली प्रणाली आणि मुलांसाठी केलेला 'शुगर' हा डेस्कटॉप चालत असे. ज्यांस शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. आम्ही ते उतरवून कोठारात ठेवले आहेत. मराठी टंकलेखन आम्ही इनस्क्रिप्ट पद्धतीनेच शिकवितो. 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' कसे काढावयाचे हे मुलांना आता आमच्यापेक्षा चांगले येते.

एक प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडी भाषेसाठी जी लिपी केली, तिला २०१७ मध्ये युनिकोडात स्थान मिळाले. तिचा टंक डेबियनच्या भांडारात आहे. एके दिवशी आम्ही तो घातला आणि पडद्यावर ती अक्षरे दाखविली. येथील माडिया मुले आपली बोली लिहिलीच तर देवनागरीत लिहितात. त्यांना ती लिपी वाचता आली नाही, आम्हांसही येत नाही. पण एका मुलाने बराच वेळ ती न्याहाळली आणि विचारले, "गुरुजी, हे आमचं आहे?" आम्ही होय म्हटले. दुसऱ्या दिवशी तो ठाकुरदेवाच्या जत्रेचे वर्णन आपल्या बोलीत, देवनागरीत, दीड पान लिहून घेऊन आला. त्यातील निम्मे आम्हांस समजले नाही.

आता शेवटची बाब, व तीच आम्हांस रात्री जागविते. आमचे वय झाले. आज कारभार आमच्या हाती आहे, उद्या काय? पुतण्याने घातलेली प्रणाली पुतण्यावाचून चालली नाही. आम्ही घातलेली आमच्यावाचून चालली पाहिजे. म्हणून खिळ्यास एक वही टांगली आहे. शनिवारी कोणी काय केले, पडद्यावर काय आले, वीज होती की नव्हती, हे तीत मराठीत लिहावयाचे. गेल्या श्रावणापासून आम्ही स्वतः कळफलकास हात लावीत नाही. खुर्ची ओढून मागे बसतो. दुरुस्त्या दोन विद्यार्थी घेतात. त्यांतील एक तीच मुलगी आहे, जिचा अर्ज राहिला होता. तिने प्रथम वही उघडली तेव्हा त्या रविवारची नोंद नाही हे तिच्या लक्षात आले. वही त्या वेळी नव्हतीच, असे आम्ही म्हणालो. तिने पहिल्या पानावरच्या कोऱ्या जागेत तारीख घातली आणि लिहिले, "सहा बंद. वीज गेली. सर्व एकदम लावले होते." आम्ही खाली सही केली.

परवलीचे शब्द पाकिटात घालून, लाखेने बंद करून, कोषाध्यक्षांपाशी दिले आहेत. दोन यंत्रांत एसएसडी अद्याप घालावयाच्या आहेत, आणि बॅटरी या पावसाळ्यापूर्वी बदलली पाहिजे. खर्चाचा अंदाज कार्यकारिणीपुढे ठेवला आहे.